पहिलं लायसन्स: लर्निंगपासून पक्क्यापर्यंत

१६ पूर्ण झाली की स्कूटर चालवता येते, हा घरोघरचा गैरसमज. पालकांच्या संमतीने १६ व्या वर्षी मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर दुचाकीचं लायसन्स. दारातली ११० सीसीची स्कूटर त्यात बसत नाही. तिच्यासाठी १८ पूर्ण हवीत.

अर्ज 'परिवहन'च्या 'सारथी' पोर्टलवर भरा. आधार ई-केवायसी निवडलं तर लर्निंगची परीक्षा घरबसल्या देता येते, पण पत्ता आधारवरचाच येतो. गाव सोडून पुण्यात राहायला आला असाल तर आधी आधारवरचा पत्ता बदला. दुचाकी निवडताना 'गिअरसह' घ्या, नाहीतर पुढे मोटारसायकलसाठी पुन्हा अर्ज आलाच. परीक्षेत ६० टक्के उत्तरं बरोबर लागतात. बहुतेक जण अडतात ते चिन्हांवर: लाल गोल म्हणजे आदेश, त्रिकोण म्हणजे सावधान.

लर्निंग ६ महिने चालतं. पक्क्याची चाचणी ३० दिवसांनंतर. तोवर गाडीला पुढे-मागे १८ सेंमी चौरस पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लावा. कारमध्ये शेजारी लायसन्सधारक हवाच.

दुचाकीच्या चाचणीत आठचा आकडा काढताना पाय टेकला की गेलं. चूक नजरेची असते: पुढच्या चाकाकडे पाहिलं की तोल जातो. नजर वळणाच्या पुढे, मागचा ब्रेक हलका दाबलेला, वेग चालण्याइतका. नेलेल्या गाडीचा विमा आणि पीयूसी चालू आहेत ना, तेही आदल्या रात्रीच बघा. नापास झालात तर ७ दिवसांनी पुन्हा.