लंडनला पहिल्यांदा जाताय? आईबाबांसोबतच्या ट्रिपमधून शिकलेलं सांगते, या चुका टाळा

आईबाबांना घेऊन आठ दिवस लंडनला जाऊन आले, आणि तेव्हापासून ओळखीतलं कुणीही निघालं की मी फोनवर याच गोष्टी सांगत बसते, म्हणून आता एकदाच लिहून टाकते.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते ट्यूबच्या, म्हणजे लंडनच्या मेट्रोच्या, गेटवर. तिकीट काढायची गरजच नसते, कॉन्टॅक्टलेस कार्ड आत जाताना टॅप करायचं आणि बाहेर पडताना परत टॅप करायचं. पण आत शिरताना कार्ड आणि बाहेर येताना मोबाईल लावला, तर मोबाईलमध्ये तेच कार्ड असलं तरी सिस्टिमला ते दोन वेगळे प्रवासी वाटतात आणि दोन अपूर्ण प्रवासांचं जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. बाबांचं पहिल्याच दिवशी हे झालं. असं झालं तर टीएफएलच्या, म्हणजे ट्यूब आणि बस चालवणाऱ्या ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या, वेबसाइटवर कार्ड जोडून अपूर्ण प्रवासाचा रिफंड मागता येतो, सोडून देऊ नका. एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत, म्हणून निघायच्या आधी प्रत्येकाच्या कार्डाचा इंटरनॅशनल वापर आणि कॉन्टॅक्टलेस दोन्ही बँकेच्या ॲपमध्ये चालू करून घ्या, ज्याच्याकडे कार्ड नाही त्याला ऑयस्टर, म्हणजे पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड, काढा. सोबत 11 वर्षांच्या आतली मुलं असतील तर मोठ्या माणसाबरोबर ती ट्यूबमध्ये फुकट जातात, त्यांच्यासाठी काहीच काढू नका. बसचं वेगळं आहे, तिथे फक्त चढताना टॅप, उतरताना नाही, आणि 2014 पासून रोख पैसे घेतच नाहीत.

ट्यूबचा नकाशा बघून अंतराचा अंदाज बांधू नका, तो मापात काढलेलाच नाही. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन चालत पाच-सात मिनिटं लागतात आणि लोक त्यासाठी ट्रेन पकडतात. वर कॉव्हेंट गार्डनला लिफ्टची रांग बघून जिना धरला तर 193 पायऱ्या आहेत, गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर प्लीज नको.

आता आपल्या माणसांची हमखास होणारी चूक. 10, किंग हेन्रीज रोड, म्हणजे बाबासाहेब 1921-22 मध्ये शिकत असताना राहिले ते घर, महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये विकत घेऊन तिथे स्मारक केलंय. जवळचं स्टेशन चॉक फार्म, नॉर्दर्न लाइनवर. पण ही लाइन कॅमडेन टाउनला फुटते, एक फाटा एजवेअरकडे, दुसरा हाय बार्नेटकडे, आणि चॉक फार्म फक्त एजवेअरच्या फाट्यावर आहे. ट्रेनवर काय लिहिलंय ते वाचूनच चढा, चुकलात तर कॅमडेन टाउनला उतरून बदला, तिथून पुढचंच स्टेशन आहे. त्या घरात आई किती तरी वेळ नुसती उभी होती. निघायच्या आधी उघडण्याची वेळ तेवढी बघून घ्या.

दुसरं, वाघनखं बघायला म्हणून व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला जात असाल तर थांबा, ती जुलै 2024 मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, साताऱ्याला आधी ठेवली. म्युझियम मात्र नक्की बघा, प्रवेश फुकट आहे, ब्रिटिश म्युझियमचाही, तिथे आधी ऑनलाइन फुकटचा स्लॉट घेतला की बरं पडतं.

यूकेच्या व्हिसावर पॅरिसला जाता येत नाही, त्याला शेंगेन व्हिसा वेगळा लागतो, ट्रेनचं तिकीट आधी काढून बसू नका. 25 डिसेंबरला ट्यूब आणि बस दोन्ही पूर्ण बंद असतात, त्या दिवशी विमान असेल तर गाडी आधीच ठरवा. फुटपाथच्या कडेला उभं राहून मोबाईलवर नकाशा बघू नका, सायकलवरून येऊन हातातला फोन हिसकावतात, भिंतीकडे सरकून बघा.

आणि परत येताना हीथ्रोची ट्रेन पकडताना टर्मिनल नंबर तिकिटावर बघून ठेवा, कारण पिकाडिली लाइनच्या काही ट्रेन टर्मिनल 4 ला जातात आणि काही 5 ला. चुकीच्या ट्रेनमध्ये बसलात तर घाबरू नका, टर्मिनल 2 आणि 3 च्या स्टेशनवर उतरून दुसरी पकडा, टर्मिनल ते टर्मिनल ट्रेन फुकट आहे, फक्त घरून अर्धा तास जास्तीचा काढून निघा.