तोडणीआधीचे तीन आठवडे

फळांची तोडणी सुरू झाली की घरात कोणालाच विचार करायला सवड मिळत नाही. पहाट बागेत, दुपार प्रतवारीच्या शेडमध्ये आणि रात्र हिशेबाच्या वहीपाशी जाते; अशा वेळी क्रेट कमी पडले, वजनकाटा भलतेच आकडे दाखवू लागला किंवा कात्र्यांची धार गेली, तर तेवढ्यासाठी सगळी माणसे खोळंबून राहतात. म्हणून पहिली तोड ज्या दिवशी अपेक्षित असेल, त्याच्या तीन आठवडे आधी तयारीला लागावे. घरच्या बागेची अडचण अशी की सगळेजण सगळेच करत असतात, आणि ‘कोणीतरी बघेल’ म्हणून राहिलेले काम नेमके तोडणीच्या सकाळी समोर उभे राहते. पुढे सांगितलेल्या प्रत्येक कामासमोर घरातल्या एकाच माणसाचे नाव लिहावे. दोन नावे लिहिली की त्या कामाला धनी राहत नाही, हे आम्ही दोन भावांनी बरेच हंगाम वाया घालवून शिकलो.

सर्वांत आधी फवारणीची वही उघडावी, कारण इथे झालेली चूक नंतर कशानेही सुधारत नाही. प्रत्येक औषधाच्या लेबलवर शेवटची फवारणी आणि तोडणी यांमध्ये किमान किती दिवस जाऊ द्यायचे हे छापलेले असते. बागेच्या ज्या भागावर जे औषध मारले, त्याची तारीख, त्यात हे दिवस मिळवून येणारी तारीख आणि तोडणीचा अपेक्षित दिवस एकाखाली एक लिहून पाहावे. जिथे दिवस पुरत नसतील, त्या भागाच्या कडेला रंगीत फीत बांधावी आणि तो भाग सर्वांत शेवटी ठेवावा. ही गोष्ट फक्त फवारणी करणाऱ्याच्या डोक्यात असून चालत नाही. तो आजारी पडला तरी फीत बोलली पाहिजे.

त्यानंतर मालाचा अंदाज. बागेच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतली, चांगली आणि दुबळी अशी दोन्ही प्रकारची दहा-बारा झाडे निवडावीत, त्यांवरची फळे मोजावीत, काही फळांचे सरासरी वजन काढावे आणि झाडांच्या संख्येने गुणावे. रस्त्याकडेची झाडे नेहमीच भरलेली दिसतात, त्यामुळे केवळ नजरेने काढलेला अंदाज बहुधा जास्तच निघतो. मागच्या वर्षी एका माणसाने दिवसाला सरासरी किती क्रेट भरले हे वहीत असेल, तर माणसे किती लागतील आणि तोडणी किती दिवस चालेल हे याच आकड्यावरून कळते. क्रेटचा हिशेब मात्र एका दिवसाच्या मालावर करू नये. काही क्रेट झाडांखाली असतात, काही शेडमध्ये भरलेले असतात आणि काही व्यापाऱ्याकडे जाऊन परत यायचे असतात; म्हणून एका दिवसाच्या गरजेच्या तिप्पट क्रेट हाताशी असावेत, असे माझे मत आहे.

फळ तोडायला आले की नाही, यावर घरात सर्वाधिक वाद होतात, आणि त्यासाठी आधी आपले फळ कोणत्या जातकुळीचे आहे हे सर्वांना माहीत असावे लागते. आंबा, केळी, पपई, सफरचंद, नाशपाती ही फळे झाडावर पूर्ण वाढ झाल्यावर तोडली, तरी तोडल्यानंतर पिकतात. ती पिकताना स्वतःच इथिलीन वायू सोडतात आणि शेजारच्या फळांनाही पिकायला लावतात. द्राक्ष, संत्रे, लिंबू, डाळिंब, स्ट्रॉबेरी, लिची यांचे तसे नाही. तोडल्याक्षणी जी गोडी असेल तीच कायमची, त्यामुळे ती घाईने तोडण्यात केवळ नुकसान आहे. उलट नाशपाती झाडावरच पिकू दिली, तर ती बहुधा आतून पिठूळ होते आणि बाहेरून चांगली दिसत असतानाच गाभ्याकडून बिघडू लागते. ‘अजून दोन दिवस राहू दे’ हे वाक्य एका फळाला हिताचे, तर दुसऱ्याला घातक असते.

तपासणीची साधने आधीच काढून ठेवावीत. गोडी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्याच्या थेंबावर शून्य दाखवतो का, हे दरवेळी पाहावे. मागच्या हंगामातला रस काचेवर वाळलेला असेल, तर त्याचे आकडे कोणाच्याच कामाचे नसतात. सफरचंदासाठी आयोडीनची चाचणी स्वस्त आणि खात्रीची आहे. फळ आडवे कापून त्या चकतीवर आयोडीनचे द्रावण लावले की जिथे पिष्ट शिल्लक आहे, तिथे गर निळाकाळा होतो. फळ जसजसे पक्व होते, तसतशी ही काळी छटा गाभ्यापासून सालीकडे विरत जाते. दहा फळांच्या चकत्या ओळीने मांडल्या की घरातला वाद निम्म्यावर येतो. फळे मात्र झाडाच्या उन्हाच्या आणि सावलीच्या, वरच्या आणि खालच्या अशा चारही बाजूंनी घ्यावीत. हाताला येणाऱ्या खालच्या फांदीवरून सगळ्या झाडाचा निकाल लावू नये.

आता अवजारे. कात्र्यांना धार लावावी आणि त्यांची टोके बोथट गोलसर आहेत ना हे पाहावे, कारण टोकदार कात्री शेजारच्या फळाला टोचते आणि ती खूण संध्याकाळपर्यंत दिसतसुद्धा नाही. देठ किती ठेवायचा हेही आधी ठरवावे. संत्र्याचा देठ सालीलगत कापावा लागतो, नाहीतर तो क्रेटमधल्या दुसऱ्या फळात घुसतो. आंब्याला मात्र देठाचा तुकडा ठेवावा लागतो, कारण तो तुटला की चीक उडून सालीवर डाग पडतात. नंतर देठ छाटून आंबे उलटे धरून चीक निथळू देण्यासाठी जाळी किंवा फळ्यांची मांडणी शेडमध्ये तयार असावी.

क्रेट धुऊन उन्हात वाळवावेत, आणि हे काम उरकण्याआधी प्रत्येक क्रेटच्या आतून उघडा तळहात फिरवावा. एका वर्षी थोरल्या काकांनी शेडमधल्या जुन्या लाकडी खोक्यांना नव्या फळ्या ठोकल्या होत्या आणि एका फळीतून खिळ्याचे टोक जेमतेम दाण्याएवढे आत आले होते. खोके भरताना कोणाच्या लक्षात आले नाही. चार दिवसांनी प्रत्येक थरातल्या एकेका फळावर हिरवट बुरशी दिसली, आणि ओळ लावून पाहिली तर सगळी डागी फळे एकाच कोपऱ्यातली. बुरशीला शिरायला एवढीच जखम पुरते. तेव्हापासून तळहात फिरवल्याशिवाय खोके बागेत जात नाही, आणि हे काम काका दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत. क्रेट काठोकाठ भरू नयेत. वरच्या क्रेटचे वजन खालच्या क्रेटच्या कडांवर यावे, फळांवर नव्हे.

शिडी ओल्या किंवा उताराच्या जमिनीवर डगमगते, म्हणून फळबागेत तीन पायांची शिडी बरी. साधी शिडी झाडाला टेकवायची असेल, तर उंचीच्या सुमारे एक चतुर्थांश अंतरावर तिचा पाय असावा. तुटक्या पायऱ्या दोरीने बांधून वेळ मारून नेऊ नये. बागेवरून विजेच्या तारा जात असतील, तर त्या ओळींत अॅल्युमिनियमची शिडी किंवा लांब दांड्याचा झेला न्यायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सर्वांना सांगावे.

सावलीची सोय हा माझ्या लेखी या यादीतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. तापमान दहा अंशांनी वाढले की फळाचा श्वसनवेग ढोबळमानाने दोन ते तीन पट होतो. उन्हात पडलेल्या क्रेटमधले एकेक तास म्हणजे पुढच्या साठवणुकीतून कापलेले दिवस. म्हणून बागेच्या प्रत्येक भागाजवळ झाड, ताडपत्री किंवा जाळी, काहीही असो, पण दुपारीही सावली राहील अशी जागा आताच पाहून ठेवावी. सकाळी नऊला सावलीत असलेली जागा एक वाजता भर उन्हात येते, हे तीन आठवडे आधी बघून घेता येते. तोडणी शक्यतो सकाळच्या गारव्यात करावी. फक्त संत्री-लिंबांसाठी दव सुकेपर्यंत थांबावे, कारण पाण्याने टरारलेल्या सालीतल्या तेलाच्या पिशव्या किंचित दाबानेही फुटतात आणि सालीवर डाग उमटतात. शीतगृह वापरायचे असेल, तर ते दोन दिवस रिकामे चालवून तापमान टिकते का पाहावे. सफरचंदाला शून्याच्या आसपासची थंडी मानवते, तर आंबा आणि केळी साधारण बारा-तेरा अंशांखाली नेली की साल काळवंडते आणि पिकणे बिघडते. सगळी फळे एका खोलीत कोंबू नयेत. पिकणाऱ्या सफरचंदांशेजारी ठेवलेली किवी लवकर मऊ पडते.

माणसांची तयारी लिहायची राहून जाते, कारण ती आपोआप होईल असे वाटते. पिण्याचे पाणी, हात धुण्यासाठी साबण आणि शौचालय बागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर असावे. उन्हात राबणाऱ्याने तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे, यासाठी पाण्याचे भांडे ओळीच्या टोकाशी हवे, शेडमध्ये नको. मजुरी दिवसावर की क्रेटवर, खराब फळाचे काय, पाऊस आला तर त्या दिवसाचे काय, हे आधीच स्पष्ट बोलून घ्यावे. क्रेटवर मजुरी ठरली की वेग वाढतो आणि फळ आपटते, म्हणून आम्ही नाजूक फळांसाठी दिवसाची मजुरीच देतो. नव्या माणसांना पहिल्या सकाळी अर्धा तास नुसते दाखवावे: बोटांनी चिमटीत न धरता तळहातावर फळ कसे घ्यायचे, आणि क्रेटमध्ये टाकायचे नाही, ठेवायचे. नखे कापलेली असावीत.

घरातल्यांची वाटणीही याच कागदावर यावी. फोन कोण घेणार, वजनकाट्यावर कोण बसणार, जेवण कोणाकडे, मुलांना शाळेतून कोण आणणार, आणि आभाळ आले की तोडणी थांबवण्याचा शब्द कोणाचा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे आई आहे, आणि त्यावर वाद चालत नाही. काटा ओळखीच्या वजनांनी तपासून घ्यावा, गाडीची चाके आणि बागेतल्या वाटेवरचे खड्डे पाहून घ्यावेत.

आदल्या संध्याकाळी पहिल्या भागातल्या झाडांखाली क्रेट मांडून झाले की वहीचे नवे पान आखावे. तारीख, भाग, तोडलेले क्रेट, नाकारलेली फळे आणि त्यांचे कारण, आणि आम्ही अलीकडे जोडलेला एक रकाना: पहिला क्रेट किती वाजता भरला आणि किती वाजता सावलीत पोहोचला.