ऊसतोड-वाहतुकीचं सिम्युलेशन: आधी कागदावर काय ठरवायचं

मराठवाड्यातल्या साखर कारखान्याच्या ऊसतोड-वाहतुकीचं संगणकावर मॉडेल करायचं तर सॉफ्टवेअर उघडण्याआधी प्रश्न लिहा. ‘वाहतूक सुधारायची’ हा प्रश्न नव्हे. ‘गव्हाण (कारखान्यात ऊस टाकायची जागा) रिकामी न पडता तोडलेला ऊस 24 तासांत गाळला जायला किती ऊसतोड टोळ्या, किती वाहनं लागतील?’ हा प्रश्न. बदलून काय पाहायचं (टोळ्या, वाहनं, गाड्यांचे नंबर लावायची पद्धत) आणि मोजायचं काय (तोडीपासून गाळपापर्यंतचे तास, ‘नो केन’चे, म्हणजे ऊस नाही म्हणून गाळप थांबल्याचे तास) ते त्यातूनच ठरतं.

हद्द फडापासून गव्हाणीपर्यंत. रस, तो आटवायचे पॅन, साखरेची पोती बाहेर. रोज 2,500 टन गाळपाचा कारखाना म्हणजे तासाला साधारण 104 टन ओढणारं एकच यंत्र धरा. त्याचे बंद मात्र लॉगबुकातून जसेच्या तसे घ्या. आठ तासांचा एक बंद आणि अर्ध्या तासाचे सोळा, बेरीज एकच. पण तळावरची (कारखान्याच्या आवारात भरल्या गाड्या थांबतात तिथली) रांग अगदी वेगळी.

मॉडेलं बहुतेकदा फसतात ती गाड्यांपाशी. गाड्या बाहेरून अखंड येतात असं दाखवलं जातं. खरं तर गाडी फिरते: फड, तळ, वजनकाटा, गव्हाण, काटा, पुन्हा फड. ती तळावर अडकली की फडात मोळ्या वाळतात, टोळी खोळंबते आणि उद्याची आवक घटते. म्हणून वाहनांची संख्या ठरावीक ठेवा आणि उसाचं घड्याळ काट्यावर नाही, कोयता लागल्यापासून सुरू करा. तोड दिवसा होते, गाळप रात्रभर चालतं. त्यामुळे आवकेची दिवसभराची सरासरी इथे कुचकामी. बैलगाडी आणि ट्रॅक्टर यांच्या रांगा वेगळ्या ठेवा.

वजनाच्या पावतीवरची वेळ म्हणजे गाडी आल्याची वेळ नव्हे! गाडी त्याआधी तळावर उभी असते. नंबर घेतल्याची वेळ मिळवा. नोंद नसेल तर दोन-तीन दिवस फाटकावर माणूस बसवा.

पडताळा सोपा आहे. मॉडेलमध्ये तळावरचा सरासरी थांबा 6 तास निघाला तर, तासाला 104 टन धरून, तळावर सुमारे 624 टन ऊस हवा; ट्रॅक्टरमागे 16 टन धरले तर 39 ट्रॅक्टर. तळावर मोजून आकडा फार वेगळा आला तर मॉडेल चुकलंय.

गृहीतकांचा कागद शेतकी अधिकारी, चीफ इंजिनिअर आणि मुकादम तिघांनाही दाखवा. पाऊस पडला की काळ्या रानातून गाडी किती दिवस निघत नाही, हे मुकादमालाच विचारा.