वस्तीचा पहिला आराखडा वायरींनी जोडताना: बडोद्याच्या एका प्लॉटवरून ग्रासहॉपरची सुरुवात

नव्या वस्तीचा आराखडा अगदी सुरुवातीला असतो तेव्हा कोणालाच खिडक्या-दरवाज्यांत रस नसतो. प्रश्न मोठे आणि ठोकळ असतात. किती मजले बसतील? मोकळी जागा किती उरेल? सावली कुठे पडेल, आणि पावसाचं पाणी कुठून जाईल? उत्तर प्रत्येक बैठकीत बदलतं. रस्ता बारा मीटरचा पंधरा झाला की चाळीस प्लॉटांची इमारत पुन्हा काढायची, क्षेत्रफळांचा तक्ता पुन्हा भरायचा. हेच काम व्हिज्युअल प्रोग्रामिंग वाचवतं. यात कोड टाइप करावा लागत नाही. पडद्यावर छोटे डबे ठेवायचे आणि वायरींनी जोडायचे. प्रत्येक डबा एक काम करतो: कोणी क्षेत्रफळ काढतो, कोणी रेष आत सरकवतो, कोणी भागाकार करतो. सुरुवातीचा आकडा बदलला की शेवटपर्यंत सगळं आपोआप नव्याने मांडलं जातं.

साधनं बरीच आहेत. ऑटोडेस्कच्या घरात डायनॅमो आहे. सुरुवातीच्या टप्प्यासाठी त्यांनी २०२३ मध्ये फॉर्मा आणलं, ते ब्राउझरमध्ये चालतं. नवशिक्याला मात्र मी राइनो हे त्रिमितीय आकार काढायचं सॉफ्टवेअर आणि त्यातलं डबे जोडायचं साधन, ग्रासहॉपर, सुचवेन. डेव्हिड रटन यांनी ते २००७ च्या सुमारास तयार केलं, आणि राइनोच्या सहाव्या आवृत्तीपासून ते राइनोसोबतच येतं. राइनोची चाचणी आवृत्ती ९० दिवस पूर्ण क्षमतेने चालते. एवढा काळ शिकायला पुरतो. ग्रासहॉपर शिकलेल्या माणसाला पुढे डायनॅमो उचलायला फार जड जात नाही, कारण विचाराची रीत तीच आहे.

आधी वही, मग कॅनव्हास

नियम आधी मराठीत लिहून काढा, हे माझं ठाम मत आहे. संगणक बंद ठेवा. उदाहरणार्थ:

प्लॉटची हद्द घे. चारी बाजूंनी मार्जिन सोडून आत ये. आतल्या जागेचं क्षेत्रफळ काढ. प्लॉटच्या क्षेत्रफळाला एफएसआयने (त्याच्या किती पट बांधकाम करता येतं, त्या आकड्याने) गुण. त्याला आतल्या क्षेत्रफळाने भाग. आलेला आकडा खालच्या पूर्णांकावर आण, ते मजले. मजल्यांना मजल्याच्या उंचीने गुण, ती इमारतीची उंची.

ही सात वाक्यं म्हणजेच तुमचा पहिला ग्राफ, म्हणजे जोडलेल्या डब्यांचं जाळं. एक वाक्य साधारण एक डबा. वाक्य लिहिताना अडलात तर डबा जोडतानाही अडाल, म्हणून अडखळणं वहीतच होऊ द्या.

आता हातानेच एक प्लॉट सोडवा. ३० बाय २० मीटर, म्हणजे ६०० चौरस मीटर. एफएसआय समजा १.८, तर बांधकाम १,०८० चौरस मीटरपर्यंत. मार्जिन ४ मीटर धरलं तर आत उरतात २२ बाय १२, म्हणजे २६४ चौरस मीटर. १,०८० भागिले २६४ बरोबर ४.०९. म्हणजे चार मजले, आणि मजला ३.२ मीटरचा धरला तर उंची १२.८. हे पान जपून ठेवा. ग्राफचं पहिलं उत्तर याच्याशीच ताडून बघायचं आहे. आकडे सरावापुरते आहेत. खऱ्या कामात गुजरातच्या बांधकाम नियमावलीतले, तुमच्या झोनचे आकडे घ्या.

नकाशा साफ करणं

बडोद्याच्या कडेला भायली, सेवासीकडे नवी वस्ती बहुतेक टीपी (नगररचना) स्कीममधून उभी राहते. १९७६ च्या गुजरातच्या नगररचना कायद्याखाली शेतांचे तुकडे एकत्र करायचे, रस्ते-बागांसाठी जागा काढायची आणि मालकाला नीट आकाराचा फायनल प्लॉट द्यायचा. त्यामुळे प्लॉटांचा नकाशा हा इथल्या कामाचा पायाच आहे. तो कॅडमध्ये मिळाला तर उत्तम. नाहीतर क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कागदी नकाशा जागेवर बसवून हद्दी गिरवा आणि डीएक्सएफ (कॅडची फाइल) करून राइनोत आणा.

इथे तीन गोष्टी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. राइनोचं एकक मीटर असावं. प्रत्येक हद्द बंद असावी, कारण उघड्या रेषेचं क्षेत्रफळ निघत नाही. उघड्या रेषा एका झटक्यात निवडून देणारी आज्ञा राइनोत आहे, ती वापरा. तिसरी गोष्ट फार थोडे जण सांगतात. बडोदं यूटीएमच्या, म्हणजे मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या जागतिक नकाशा-पद्धतीच्या, ४३ उत्तर झोनमध्ये येतं, आणि तिथे आपल्या शहराचे निर्देशांक पूर्वेकडे तीन लाख मीटरांच्या पुढे, उत्तरेकडे चोवीस लाखांच्या पुढे असतात. शून्यापासून इतक्या दूर काम केलं की राइनोत आकार थरथरतात आणि बारीक हिशेब बिघडतात. सगळा नकाशा उचलून शून्याजवळ आणा, आणि किती सरकवला तो आकडा फाइलमध्येच लिहून ठेवा. परत जाताना लागतो.

पहिली वायर पाण्याची

आता राइनोत ग्रासहॉपर असं टाइप करा, कॅनव्हास उघडेल. रिकाम्या जागी दोनदा क्लिक केलं की शोधपट्टी येते. डब्यांना तिथे कंपोनंट म्हणतात. प्लॉटांसाठी एक कर्व्ह (रेषा साठवणारा कंपोनंट) ठेवा, उजवं क्लिक करून सगळ्या हद्दी त्यात भरा. आणि लगेच दुसरा कर्व्ह ठेवा: कांसाचा, म्हणजे पावसाळी पाण्याच्या वाटेचा.

बहुतेक धडे एफएसआयपासून सुरू होतात. बडोद्यात मी तसं करू देणार नाही. भूखी कांस, रूपारेल कांस ही नावं आपल्याकडे घराघरात माहीत आहेत. पावसाचं पाणी विश्वामित्री नदीपर्यंत नेणाऱ्या या वाटा वर्षातले बरेच महिने कोरड्या दिसतात, आणि कोरडी वाट नकाशावर सहज पुसली जाते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ज्यांच्या बैठकीच्या खोलीत पाणी शिरलं त्यांना हे वेगळं सांगायला नको. मजल्यांचा हिशेब आधी झाला की कांस नंतर अडथळा वाटू लागतो. तो आधीच कॅनव्हासवर असला की बाकीचे हिशेब त्याच्याभोवती बसतात.

कर्व्ह प्रॉक्सिमिटी हा कंपोनंट दोन रेषांमधलं सर्वांत कमी अंतर देतो. एका बाजूला प्लॉट, दुसऱ्या बाजूला कांस जोडा. आलेलं अंतर तुम्ही ठरवलेल्या आकड्यापेक्षा लहान आहे का, हे स्मॉलर दॅनने तपासा आणि डिस्पॅचने प्लॉटांचे दोन गट करा. पाण्यालगतचे प्लॉट वेगळे निघाले. त्यांच्यावर सध्या काहीच उभं करू नका, ते हाताने बघायचे. उरलेले पुढच्या वायरीला द्या.

इमारत उभी करणं

मार्जिनसाठी नंबर स्लायडर हवा. शोधपट्टीत शून्य, चार, दहा हे आकडे मध्ये लहान-पेक्षाची खूण घालून टाइप केले तर शून्य ते दहामधला, चारवर थांबलेला स्लायडर तयार मिळतो. तो ऑफसेट कर्व्हच्या अंतराला जोडा.

इथे नवशिक्याची पहिली परीक्षा. काही प्लॉट आत आकसतील, काही बाहेर फुगतील. हद्द काढताना रेष घड्याळाच्या दिशेने गेली की उलट, त्यावर ऑफसेटची बाजू ठरते, आणि नकाशात दोन्ही प्रकार असतातच. उपाय सोपा आहे: उणे आणि अधिक अशा दोन्ही बाजूंनी ऑफसेट घ्या, दोन्हींचं क्षेत्रफळ काढा, लहान असेल ती रेष ठेवा. अरुंद प्लॉटवर तिसराच प्रकार होतो. सात मीटर रुंदीच्या प्लॉटमध्ये दोन्हीकडून चार-चार मीटर सोडल्यावर उरणार काय? तिथे वेडीवाकडी रेष येते किंवा काहीच येत नाही. असे प्लॉट शोधून बाजूला काढा, गप्प टाकून देऊ नका. नियम कुणाच्या जमिनीवर लागू होत नाही, ही माहिती बैठकीत लागते.

पुढचं वहीतल्या वाक्यांप्रमाणे. एरिया, गुणाकार, भागाकार, मग राउंड. त्याच्या तीन उत्तरांपैकी खालच्या पूर्णांकाचं उत्तर घ्या. मजल्यांना ३.२ ने गुणा, ते युनिट झेडला (वरच्या दिशेला) द्या, आतली रेष एक्स्ट्रूड करा म्हणजे तेवढी वर ओढा, वर कॅप होल्स लावून आकार बंद करा. कंपोनंट केशरी झाला तर इशारा आहे, लाल झाला तर चूक. त्याच्या कोपऱ्यातला फुगा वाचा. आता ३० बाय २० चा प्लॉट निवडून पॅनलमध्ये (आकडे दाखवणाऱ्या कंपोनंटमध्ये) उत्तर पाहा. १२.८ आलं नसेल तर पुढे सरकू नका.

एकाच वेळी अनेक पर्याय

खरा फायदा इथून सुरू होतो. स्लायडरऐवजी सिरीज लावा: ३ पासून सुरू, १ ची पायरी, ६ आकडे. चाळीस प्लॉट आणि सहा मार्जिनं एकत्र आली की ग्रासहॉपर पहिल्या प्लॉटला पहिलं मार्जिन देतो, दुसऱ्याला दुसरं, आणि सातव्यापासून सगळ्यांना शेवटचंच. आपल्याला तसं नको. पंगतीत प्रत्येक पानावर सगळे पदार्थ पडायला हवेत. पहिल्या पानावर वरण आणि दुसऱ्यावर भात असं चालत नाही. त्यासाठी प्लॉटांच्या वायरीवर ग्राफ्ट लावा. मग प्रत्येक प्लॉटची स्वतःची फांदी होते आणि सहाही मार्जिनं प्रत्येकाला मिळतात. यालाच डेटा ट्री म्हणतात. शिकणारे बहुधा इथेच कंटाळून थांबतात. थांबू नका, पॅनल जोडून फांद्यांचे क्रमांक वाचत राहा, हळूहळू डोळ्यांना सवय होते.

आपल्या प्लॉटवर काय आलं बघा. मार्जिन ३: तीन मजले, १,००८ चौरस मीटर. ४: चार मजले, १,०५६. ५: पाच मजले, १,०००. ६: सात मजले, १,००८. ७: अकरा मजले. आणि ८ मीटर मार्जिनला ग्राफ १४ बाय ४ मीटरच्या जागेवर एकोणीस मजले काढून देतो. रुंदी चार मीटर, उंची साठ मीटरांच्या वर! त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की हे चालत नाही. म्हणून नियमात आणखी एक वाक्य घाला, समजा, मार्जिन उंचीच्या पाव भागापेक्षा कमी नको. ७ आणि ८ गळतात.

मार्जिनवरून उंची ठरते आणि उंचीवरून मार्जिन, हा गोल फेरा वायरीने जोडायला गेलात तर ग्रासहॉपर नकार देतो. वायर मागे फिरवता येत नाही. असे सगळे पर्याय आधी काढून मग न बसणारे गाळणं, हाच त्यातून मार्ग.

उरलेल्या चारांकडे नीट पाहा. बांधकाम जवळजवळ सारखंच आहे, पण मोकळी जमीन २६४ चौरस मीटरांपासून ४५६ पर्यंत जाते. एकात तीन मजली घरं, ओट्यावर बसलेली माणसं, हाक मारली तर वर ऐकू जाणारी गॅलरी. दुसऱ्यात लिफ्ट आणि खाली मोठं अंगण. यातलं कोणतं हवं ते ग्राफ सांगत नाही, सांगूही नये. तिथे राहणाऱ्यांना विचारायचं.

सावली

बडोदं २२.३ अंश उत्तरेला आहे. २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य सुमारे ४४ अंशांवर असतो, म्हणजे इमारतीची सावली जवळपास तिच्या उंचीएवढीच उत्तरेकडे पडते. सात मजल्यांची, २२.४ मीटरची इमारत घ्या. तिचं ६ मीटर मार्जिन, १२ मीटरचा रस्ता आणि समोरचं ६ मीटर मार्जिन मिळून २४ मीटर. सावली सुमारे २३. समोरच्या तळमजल्याला थंडीतलं दुपारचं ऊन जेमतेम मिळेल.

मे-जूनमध्ये उलट. सूर्य भर दुपारी जवळजवळ डोक्यावर, जूनच्या सुरुवातीला तर थेट डोक्यावर. तेव्हा उंच इमारतीचीही सावली रस्त्यावर पडत नाही. म्हणून इमारती रस्त्याला सावली देतील या भरवशावर झाडांची जागा कापू नका. कडुनिंबासाठी फुटपाथची रुंदी हाही एक स्लायडर असायला हवा.

हिशेब हाताने जमला की लेडीबग हे मोफत प्लगिन घ्या. त्याला हवामानाची ईपीडब्ल्यू फाइल लागते. बडोद्याची हाताशी नसेल तर सरावाला अहमदाबादची चालेल. तासागणिक ऊन कुठे पडतं ते रंगांत दिसतं. मोठ्या नकाशावर ते हळू चालतं, म्हणून आधी चार-पाच प्लॉटांवर लावा.

फाइल जपणं

राइनोतून घेतलेल्या रेषा ग्रासहॉपरच्या फाइलमध्ये आपोआप जात नाहीत. सहकाऱ्याला फाइल पाठवण्याआधी कर्व्हवर उजवं क्लिक करून डेटा इंटर्नलाइज करा, नाहीतर त्याच्याकडे कंपोनंट उघडतील, पण कर्व्ह रिकामे असतील. कंपोनंटांचे गट करून त्यांना वहीतली तीच मराठी वाक्यं नावं म्हणून द्या. पसंत पडलेला पर्याय बेक केला की तो राइनोत कायमचा आकार होतो. मग तो स्लायडरचं ऐकत नाही, म्हणून बेक करताना लेयरच्या नावात मार्जिन, एफएसआय आणि तारीख लिहा.

बैठकीला तीन पर्यायच न्या, एकाच मापात, ए-थ्री कागदावर, खाली स्लायडरचे आकडे. कांसालगतचे बाजूला काढलेले प्लॉट तिन्हींवर वेगळ्या रंगात दाखवा. आणि छापण्याआधी एकदा पावसाळ्यात जागेवर जाऊन या, नकाशावर नसलेली पाण्याची वाट दिसली तर ती गिरवून कांसाच्या कर्व्हमध्ये भरा. बाकीचा ग्राफ स्वतःहून बदलेल.