नेमप्लेटवरचे दोन आकडे

अमेरिकेत मिनी-स्प्लिट एसी बसवायच्या कामाला लागलो तेव्हा वायरिंग मला नवं नव्हतं. २० अँपिअरच्या ब्रेकरला १२ गेजची वायर, ३० च्या ब्रेकरला १० गेज (गेजचा आकडा लहान तशी वायर जाड), हे डोक्यात पक्कं बसलेलं. पहिल्याच आठवड्यात माझ्या सीनिअरनं १२ गेज ओढली आणि पॅनलमध्ये ३० चा ब्रेकर बसवला. मला वाटलं, गडी चुकला. त्यानं मला नेमप्लेटसमोर नेऊन उभं केलं.

बाहेरच्या युनिटच्या प्लेटवर दोन आकडे असतात. एमसीए म्हणजे वायरनं निदान एवढा करंट पेलायलाच हवा. एमओपी (काही कंपन्या एमओसीपी लिहितात) म्हणजे ब्रेकर याहून मोठा नको. त्या प्लेटवर १८ आणि ३० होते. १२ गेज तांब्याची वायर कोडच्या तक्त्यात ६० अंश तापमानाच्या, म्हणजे सगळ्यात कडक कॉलमातही २० अँपिअर पेलते, मग १८ ला काय अडचण? मोटरचा ओव्हरलोड सांभाळायची सोय युनिटमध्येच असते, ब्रेकरकडे उरतो तो शॉर्ट सर्किट आणि ग्राउंड फॉल्ट (करंट अर्थकडे जाणं). म्हणून नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये (अमेरिकेतल्या वायरिंगच्या नियमावलीत) एसीसाठी कलम ४४० वेगळं आहे. हाच हिशेब घरातल्या प्लगच्या सर्किटला लावलात तर आग लावून बसाल. आणि एमसीएमध्ये कॉम्प्रेसरचे जादा २५ टक्के आधीच धरलेले असतात, त्याची पुन्हा सव्वापट करू नका. मी केली होती, आणि उगाच जाड वायर ओढत बसलो होतो.

इन्स्पेक्शनमध्ये नापास झालो ते मात्र भलत्याच कारणानं. घराच्या आतून आलेली पिवळी एनएम-बी केबल (कोरड्या जागेसाठीची) मी तशीच बाहेरच्या लवचीक पाइपातून युनिटपर्यंत नेली. उघड्यावरच्या पाइपाची आतली बाजूही कोडच्या लेखी ओली जागाच, आणि तिथे ही केबल चालत नाही. डिस्कनेक्टपासून (युनिटजवळचा वीज तोडायचा स्विच) पुढे ओल्या जागेत चालणारी टीएचडब्ल्यूएन वायर हवी होती. हातभर वायरीपायी पुन्हा अख्खी खेप पडली.

डिस्कनेक्ट युनिटपासून दिसेल असा, ५० फुटांच्या आत, सहज हात पोचेल तिथे. नेमप्लेट झाकेल असा कधीच नको.

आतल्या आणि बाहेरच्या युनिटला जोडणारी केबल बहुधा १४ गेजची, चार तारांची असते: दोन पॉवरच्या, एक सिग्नलची, एक अर्थची. एकदा ती कमी पडली म्हणून मी मध्ये जोड दिला. युनिट सुरू होऊन दोन मिनिटांत कम्युनिकेशन एरर. सलग केबल टाकली तेव्हा गेला. दोन्ही टोकांना टर्मिनलचे नंबर जुळवा, रंगांवर विसंबू नका.

कोडची कोणती आवृत्ती लागू आहे हे राज्यागणिक बदलतं. बाहेरच्या युनिटला जीएफसीआय (करंट गळला की वीज तोडणारं संरक्षण) लागतो का, हे म्हणून परमिट काढतानाच विचारून घेतो. आणि ब्रेकर आणायला निघण्याआधी, खोक्यातून बाहेर काढलेल्या युनिटच्या प्लेटचा फोटो. माहितीपत्रकातले आकडे कधी कधी वेगळ्याच मॉडेलचे निघतात.