पळून आल्यावर गोड पेय घेताय? या चुका टाळा

मे महिन्यात नेहरू स्टेडियमवर तासभर पळून आलेला माझा भाचा उसाच्या रसाचे दोन मोठे ग्लास एका दमात प्यायला. थोड्याच वेळात पोट डबडबलं, मळमळायला लागलं, आणि वर म्हणाला, "मावशी, तहान तशीच आहे गं." ही चूक इंदुरात रोज सकाळी होते.

पाणी पोटातून आतड्यात उतरलं तरच अंगी लागतं. फार गोड पेय पोटातून सावकाश उतरतं, आणि आतड्यात पोचलं की ते पातळ करायला शरीराचंच पाणी तिकडे ओढलं जातं. कोलात 100 मिलिलीटरमागे साधारण 10-11 ग्रॅम साखर असते. उसाच्या रसात बहुधा त्याहूनही जास्त. 6 ते 8 ग्रॅम असेल तर पोट सहसा तक्रार करत नाही.

म्हणून साखर बंदच करून टाकायची, ही दुसरी चूक. साखर आणि मीठ आतड्याच्या भिंतीतून जोडीनं आत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग पाणीही जातं. ओआरएस, म्हणजे जुलाबात देतात ते साखर-मिठाचं पाणी, याच जोरावर काम करतं. घरी करायचं तर 1 लिटर पाण्यात चहाचे सपाट 6 चमचे साखर, अर्धा चमचा मीठ आणि चवीला लिंबू. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

घामानंतर शिकंजी चांगली, असं कुणी सांगितलं तर ती लिंबाची. आपल्या सराफ्यातली, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातली, शिकंजी आटवलेल्या दुधाची, दाट आणि गोड. ती रात्री निवांत प्यावी, पळून आल्यावर नको.

नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही. टी-शर्ट वाळल्यावर पाठीवर पांढऱ्या रेघा उमटतात ना, ते गेलेलं मीठ. ते परत मिळालं नाही तर प्यायलेलं बरंचसं पाणी लघवीवाटे निघून जातं. किती प्यायचं ते वजनकाट्यावर कळतं: पळण्याआधी आणि नंतरच्या वजनात 800 ग्रॅमचा फरक आला, तर दोन-तीन तासांत 1 ते 1.2 लिटर, घोट घोट.

राहिली शक्ती. अर्धा तास चालून आलेल्याला गोड पेयाची गरजच नाही. त्याच दिवशी पुन्हा सामना असेल तरच घाई. मग 60 किलोच्या खेळाडूनं पहिले तीन-चार तास ताशी साधारण 60 ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत. एरवी दिवसभराच्या जेवणातून ती भरून निघतात. भाचा आता घरी येऊन पोहे खातो, वर शेव, आणि सोबत मीठ घातलेलं ताक.