पिसं गळतायत? दाणा तोडू नका

शहापूर-मुरबाडकडं भातकापणी सुरू झाली की अंगणात पिसंच पिसं दिसतात. वर्षावरच्या कोंबड्या अंडी थांबवतात, मान उघडी पडते आणि रोग आला समजून काही जण त्या बाजारात काढतात. घाई करू नका. जूनमध्ये १३ तासांहून मोठा असलेला आपल्याकडचा दिवस डिसेंबरात ११ तासांवर येतो. दिवस आखडू लागला की कोंबडी जुनी पिसं टाकते: आधी डोकं-मान, मग अंग, शेवटी पंख-शेपूट. यात दोन-तीन महिने जातात.

मान चाचपून बघा. टोकदार खुंट हाताला लागले तर नवी पिसं येतायत. त्या खुंटांत रक्त असतं, धरलं की दुखतं, म्हणून धरपकड नको. नुसती पाठ उघडी असेल तर ते कोंबड्याच्या नख्यांचं काम. शेपटीखालची जागा उघडी असेल तर उवा शोधा.

अंडी नाहीत म्हणून दाणा तोडायचा, ही सवय मला फार खटकते. पीस जवळजवळ सगळं प्रथिनाचं, त्यातही गंधक असलेल्या अमिनो आम्लांचं. नुसत्या कणी-कोंड्यात ती पुरत नाहीत. रंगही आत्ताच भरतो. पिसाच्या मुळाशी मेलॅनिन तयार होतं, काळ्यासाठी एक प्रकारचं, तांबड्यासाठी दुसऱ्या, आणि ते वाढत्या पिसात उतरतं. त्याला तांबं लागतं, फॉलिक आम्ल लागतं. पीस पुरतं वाढलं की ते निर्जीव. मग कितीही चारा, पुढच्या गळतीपर्यंत तो रंग फिरत नाही. वाढीच्या दिवसांत उपासमार झाली तर पंखावर आडवी फिकट रेघ उमटते.

म्हणून किलोभर दाण्यात मूठभर कुटलेली सुकट आणि दोन मुठी तिळाची पेंड मिसळा. तिळात मेथिओनिन, म्हणजे गंधक असलेलं एक अमिनो आम्ल, चांगलं असतं. खारवलेली मासळी नको, तिच्या मिठानं पातळ हगवण लागते. दमट हवेत बुरशी धरलेली शेंगदाणा पेंड तर मुळीच नको.

कडकनाथवाल्यांसाठी एक: सोनेरी पिसांची कडकनाथ म्हणजे भेसळ नव्हे. तिच्या कातडीचा काळेपणा पिसांच्या रंगापेक्षा वेगळ्या जनुकातून येतो.

दिवस लांबवून अंडी मिळवण्यासाठी खुराड्यात बल्ब लावायचा असेल तर पंखाची मोठी पिसं पूर्ण आल्यावरच लावा.